चाकांवरच्या घराची जमीन

गावात घर बांधायला काढलं की फरशीचा विषय सगळ्यात शेवटी येतो. पाया, जोतं, भिंती, स्लॅब, गिलावा हे सगळं उरकतं, हात आखडता झालेला असतो आणि तेव्हा कुठे घरमालक फरशीच्या दुकानात जाऊन रंग बघायला लागतो. चाकांवर घर बांधणाऱ्याला ही सवड नसते. त्याच्या घरात चासीवर पहिल्यांदा चढते ती जमीन. भिंतीचे अँगल तिच्यावर उभे राहतात, पाण्याच्या नळीची आणि वायरची भोकं तिच्यात पडतात, ओटा आणि पलंग तिलाच बोल्टने आवळले जातात. पुढे कधी ती कुजली किंवा फुगली, तर ती बदलायला अख्खं घर उकलावं लागतं. म्हणून स्वतःच्या हाताने फिरतं घर बांधू पाहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तकात जमिनीचं प्रकरण आधी घेतलं आहे, आणि तेवढ्यासाठीच ही प्रस्तावनाही जरा लांबली आहे.

फिरतं घर म्हटलं की डोळ्यांपुढे परदेशातल्या पांढऱ्या, गुळगुळीत गाड्या येतात. शिरूर अनंतपाळहून पाहिलं तर हा विषय इतका परका राहत नाही. लातूर जिल्ह्यातला हा तालुका निलंगा, देवणी, उदगीर आणि चाकूर यांच्या मधोमध बसलेला आहे. उसाच्या हंगामात इथल्या रस्त्यांवरून ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांची रांग चालते. ऊसतोडीला निघालेलं कुटुंब याच ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं आणि कोपीचं सामान घालून शेकडो किलोमीटर जातं. आषाढीला पंढरपूरकडे चालणाऱ्या दिंडीमागे एक ट्रक असतोच. त्याच्या हौद्यात दिवसा शिधा आणि रात्री माणसं असतात. याच तालुक्यातल्या उजेड गावी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि तिथे तमाशाचे फड उतरतात. पाळणेवाले, खेळणीवाले, भांडीवाले एका यात्रेतून उठून दुसऱ्या यात्रेला लागतात आणि रात्री आपापल्या टेम्पोतच पाठ टेकतात. तंबू-टॉकीजवाले तर प्रोजेक्टर, पडदा आणि बिऱ्हाड एकाच ट्रकात घेऊन पिढ्यान्‌पिढ्या हिंडले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 2016 सालच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात महाराष्ट्रातल्या यात्रांमधले हे ट्रक जवळून पाहायला मिळतात.

हौस म्हणून फिरतं घर करण्याची कल्पना आता आपल्याकडेही रुजते आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कारवाँ पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्याआधी मोटार कारवाँसाठी एआयएस-124 हे वेगळं वाहन-मानकही आलं होतं. पण धोरणाच्या वाऱ्यालाही न जाता वेल्डिंगच्या दुकानात उभं राहून स्वतःचं घर जोडणारा माणूस हाच या पुस्तकाचा वाचक आहे. दुकानात त्याला सगळ्यात आधी विचारतात, ‘बूड कशाचं टाकायचं?’

या प्रश्नाला इथल्या मातीत जुनी उत्तरं आहेत. बैलगाडीचा साटा हे त्यातलं पहिलं. देवणी बैलांच्या या मुलखात सुतार गाडीसाठी बाभळीचं लाकूड वापरत आला, कारण ते चिवट असतं आणि हादरे सोसतं. साट्याच्या फळ्यांत किंवा बांबूच्या कामट्यांत फटी असत. त्यातून पाणी निथळून जाई, लाकडाला खालून-वरून वारा लागे, आणि बसायचं झालं की वर कडबा नाहीतर पोतं अंथरलं जाई. त्या साट्याला कोणी रंग दिला नाही की लेप लावला नाही, तरी तो वर्षानुवर्षं टिकला, कारण तो ओला झाला तरी तासाभरात वाळत होता. बंद घराच्या जमिनीला मात्र असा वारा मिळत नाही. सगळी अडचण तिथून सुरू होते.

दुसरं उत्तर म्हणजे ट्रॉली. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं आणि त्याआधी वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्यांची डागडुजी चालते. ती जवळ उभं राहून पाहण्यासारखी असते. कारागीर आधी ट्रॉलीखाली आडवा होतो आणि हातोडीने पत्रा वाजवत जातो. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो, आणि अगदी गेलेल्या जागी हातोडीचं टोक सरळ आत शिरतं. बद्द आवाज कुठे येतो ते लक्ष देऊन ऐकावं. पत्र्याच्या मधोमध तो क्वचितच येतो. पुढची भिंत आणि बूड जिथे मिळतं त्या कोपऱ्यात, आडव्या चॅनेलवर पत्रा टेकतो त्या रेषेत, आणि जुन्या पत्र्यावर नवा तुकडा मारून ठेवला आहे त्याच्या पोटात तो येतो. उसाचं पाचट, काळी माती आणि रसाचा चिकटा तिथे साचून राहतो आणि पावसाळाभर ओला असतो. पाणी वाहून जातं तिथला पत्रा दहा वर्षं टिकतो. पाणी मुक्कामाला राहतं तिथला तीन वर्षांत चाळण होतो. फिरत्या घराची जमीन आखणाऱ्याने कुठल्याही कॅटलॉगआधी अशी एक जुनी ट्रॉली खालून पाहावी.

आता वजनाचा विषय. यात भावनेला जागा नाही, सगळा हिशोब आहे.

बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असं मध्यम घर धरलं तर जमीन होते 72 चौरस फूट. मराठवाड्याच्या घराघरांत दिसणारी शहाबादी फरशी एक इंच जाडीची घेतली तर दर चौरस फुटाला सुमारे सहा किलो भरते; म्हणजे एकट्या दगडाचेच साडेचारशे किलो. खाली इंचभर माल टाकला तर आणखी तीनशेच्या वर. म्हणजे पाऊण टन वजन जमिनीतच गेलं, अजून भिंत उभी राहायची आहे. व्हिट्रिफाइड टाइल पातळ असते, तिचे सव्वाशे-दीडशे किलो होतात. तीन मिलिमीटरच्या लोखंडी चेकर प्लेटचे साधारण एकशे साठ ते सत्तर. दोन मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम चेकर प्लेटचे चाळीसेक. बारा मिलिमीटर प्लायचे पन्नास-पंचावन्न, अठरा मिलिमीटरचे ऐंशीच्या आसपास. अठरा मिलिमीटरच्या सिमेंट बोर्डाचे पुन्हा दीडशे. जमिनीवर वाचवलेला प्रत्येक किलो पुढे पाण्याच्या टाकीला, बॅटरीला किंवा माणसाच्या सामानाला मिळतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, यात कुणाला काही कमी करता येत नाही.

वजन म्हणजे काय असतं हे या जिल्ह्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीने जड झालेली माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. उन्हाळ्यात थंड राहणारं, पिढ्यांनी आपलं मानलेलं घर त्याच्या भारामुळेच जीवघेणं ठरलं. त्यानंतर कितीतरी कुटुंबं हलक्या पत्र्याच्या छपराखाली राहायला गेली आणि बराच काळ जड छताखाली झोपायला तयार नव्हती. जड तेवढं भक्कम हा समज या भागात फार मोठी किंमत मोजून मोडला आहे. फिरत्या घराच्या बाबतीतही तो पुन्हा डोकं वर काढतो, तेव्हा ही आठवण ठेवलेली बरी.

फरशी आणि टाइल नाकारायला वजनाखेरीज दुसरंही कारण आहे. एक चाक खड्ड्यात गेलं की चासी पिळते. घराचा सांगाडा त्याबरोबर थोडा हलतो आणि पुन्हा जागेवर येतो. लोखंडाला हे सोसतं, लाकडाला सोसतं. टाइलच्या सांध्यातल्या सिमेंटला सोसत नाही. आधी सांधे मोकळे होतात, त्यातून पाणी खाली उतरतं आणि मग टाइल पोकळ वाजू लागते. सिमेंट बोर्डाचंही असंच. तो पाण्याला भीत नाही, वाळवीला भीत नाही, पण हादऱ्यांनी स्क्रूभोवती त्याच्या कडा तुटतात. स्वयंपाकाच्या शेगडीमागे, उभ्या भिंतीवर तो उत्तम, पायाखाली नको.

उरतं ते प्लाय, आणि इथे थांबून नीट बोलायला हवं, कारण बहुतेक घरांची जमीन याच मालाची होते आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते. दुकानात सगळं प्लाय सारखंच दिसतं. साध्या एमआर दर्जाचं प्लाय दमट हवा सोसतं. चाकाने उडवलेलं पाणी सोसत नाही. आयएस 303 या भारतीय मानकातलं बीडब्ल्यूआर त्याच्या वरचं. आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय. त्याच्या चाचणीत नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते बघतात. ही चाचणी घरच्या चुलीवरही थोडक्यात करता येते. दुकानदाराकडून कापलेला बोटभर तुकडा मागून आणावा, जुन्या पातेल्यात बुडेल इतक्या पाण्यात टाकावा आणि दिवसभर उकळत ठेवावा. पाणी आटेल तशी भर घालावी. बाहेर काढून गार झाल्यावर कडेच्या थरांत सुरीचं टोक घालून उचकटून पाहावं. डिंक कमी प्रतीचा असेल तर थर वहीच्या पानांसारखे सुटतात आणि पाण्याला पिवळट चिकटा येतो. चांगल्या तुकड्यात सुरी अडते, लाकूड फाटतं पण सांधा सुटत नाही. शिक्का आणि बिल दोन्ही हवेतच, पण पातेलं कुणाची भीड धरत नाही.

शिरूरसारख्या गावात मरीन प्लाय सांगून मागवावं लागेल. शटरिंगचं प्लाय मात्र स्लॅब टाकणाऱ्या कोणत्याही ठेकेदाराकडे दिसतं. दोन्ही अंगांना तपकिरी किंवा काळी फिल्म असलेल्या या प्लायसाठी आयएस 4990 हे मानक आहे. ओलं काँक्रीट अंगावर घेऊन पुन्हा पुन्हा वापरलं जावं यासाठीच ते बनवलेलं असतं. ते जरा जड भरतं, दिसायला खडबडीत असतं, पण ट्रेलरच्या जमिनीला खालच्या बाजूने जे सोसायचं आहे त्यासाठी ते फार चोख आहे. या लेखकाचं मत विचाराल तर मराठवाड्यातल्या घरगुती बांधणीसाठी नवं शटरिंग प्लाय हीच पहिली निवड. नवं, हा शब्द महत्त्वाचा आहे. साइटवरून उतरलेलं जुनं प्लाय निम्म्या भावात मिळतं, पण त्याच्या कडा फुटलेल्या असतात आणि खिळ्यांच्या भोकांतून आतल्या थरांत आधीच पाणी गेलेलं असतं.

प्लाय कसलंही घेतलं तरी ते पाणी पितं कडेने आणि भोकांतून. कापलेली प्रत्येक कड, स्क्रूचं प्रत्येक भोक आणि नळीसाठी पाडलेला प्रत्येक गाळा रंगाने किंवा इपॉक्सीने दोन हात देऊन बंद करणं हे कंटाळवाणं काम आहे. दिवस मोडतो. पण जमिनीचं आयुष्य ठरतं ते या एका दिवसात. चॅनेलवर प्लाय बसवताना मध्ये पीयू सीलंटची रेघ ओढली तर ट्रॉलीत जिथे माती मुक्काम करते ती जागाच उरत नाही.

मापाचाही विचार आधी व्हावा. प्लाय 8 बाय 4, 7 बाय 4 आणि 6 बाय 4 फुटांत मिळतं. बारा बाय सहाच्या ट्रेलरला 6 बाय 4 चे तीन तक्ते आडवे टाकले की एक इंचही कापावा लागत नाही, आणि सांधे नेमके चौथ्या व आठव्या फुटावर येतात. तिथे आडवा चॅनेल असलाच पाहिजे. या सोयीची किंमतही माहीत असावी. प्लायचं बळ वरच्या थराच्या रेषांच्या दिशेने जास्त असतं. तक्ते आडवे टाकले की या रेषा चॅनेलला समांतर धावतात आणि दोन चॅनेलमधली जमीन पावलाखाली दबते. त्याला उपाय दोन: जाडी बारावरून अठरा मिलिमीटर करायची, किंवा चॅनेल सोळा इंचांऐवजी बारा इंचांवर घ्यायचे. दुसऱ्या उपायात लोखंड थोडं वाढतं. पण चासी पिळण्याला तो आवर घालतो, म्हणून तोच बरा वाटतो. आठ बाय चारचे तक्ते उभे टाकले तर बळ योग्य दिशेला मिळतं, पण कापणी आणि तुकडे वाढतात. चासीचा नकाशा वेल्डरकडे देण्याआधी हे कागदावर सुटलेलं असलं म्हणजे झालं.

मोठ्या गाड्या बनवणाऱ्यांनी हे प्रश्न कसे सोडवले, हे पाहायला फार लांब जायला नको. लातूरजवळ मराठवाडा रेल कोच फॅक्टरीचं भूमिपूजन 2018 मध्ये झालं आणि डिसेंबर 2020 मध्ये तिथून पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. रेल्वेच्या जुन्या आयसीएफ डब्यांत खाली पन्हाळीदार पोलादी पत्रा, त्यावर रेझिन घालून दाबलेल्या लाकडी थरांचा कॉम्प्रेग बोर्ड आणि सगळ्यात वर पीव्हीसीचं आवरण अशी जमीन असते. पन्हाळीमुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो. तरीही त्या डब्यांत गंज सगळ्यात आधी धरतो तो शौचालयाखाली आणि दाराजवळ. फिरत्या घरात मोरी करणाऱ्याने एवढ्यावरून बोध घ्यावा: मोरीची जमीन बाकीच्या जमिनीचा भाग समजू नये. तिच्यासाठी फायबरचा किंवा स्टीलचा वेगळा, एकसंध ट्रे घ्यावा आणि त्याखालची जागा उघडून बघता येईल अशी ठेवावी.

एसटीचं उदाहरण तर रोजच्या नजरेतलं. 1948 पासून धावणाऱ्या या सेवेच्या बसगाड्या महामंडळ दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या आपल्या कार्यशाळांत बांधत आलं. गाडीत चढताना पायाखाली येणारा ठिपक्या-रेघांचा अॅल्युमिनियमचा पत्रा लाखो चपला, चिखलाचे पाय आणि पोत्यांची फरफट सोसतो. फिरत्या घरात सगळीकडे तो लागत नाही. दाराच्या आत दोन-तीन फूट आणि ओट्यापुढे टाकला तरी पुरतो. मात्र अॅल्युमिनियम सरळ लोखंडी चॅनेलवर ठेवू नये. ओल मिळाली की दोन धातूंच्या सांध्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी सुटते. मध्ये प्लाय असावं, नाहीतर निदान रबराची पट्टी.

जगात इतरत्रही जमिनीने माणसांना हेच शिकवलं. इंग्लंडमध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टरने 1885 मध्ये केवळ भटकंतीसाठी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी ब्रिस्टलच्या कारखान्यातून बांधून घेतली. हौशी कारवाँचा इतिहास सहसा तिच्यापासून सांगतात. अमेरिकेत 1930 च्या दशकात आलेल्या एअरस्ट्रीम ट्रेलरचं चकचकीत अॅल्युमिनियमचं अंग अजून लोक मिरवतात. पण जुनी एअरस्ट्रीम विकत घेणारा जाणकार आधी मागच्या कोपऱ्यातली प्लायची जमीन दाबून बघतो. वरचं अंग ऐंशी वर्षं टिकतं आणि जमीन मागच्या सांध्यातून झिरपलेल्या पाण्याने कुजलेली निघते.

वरच्या आवरणाची चर्चा थोडक्यात आटोपता येईल. दुकानांत ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून मिळणारं लॅमिनेट आतून दाबलेल्या भुशाचं असतं. पाणी लागलं की त्याच्या कडा फुगतात, म्हणून ते टाळावं. खटक्याने बसणाऱ्या एसपीसी पट्ट्या पाण्याला पक्क्या असतात, पण उन्हात बंद उभ्या गाडीत त्या वाढतात आणि कडेला जागा सोडली नसेल तर मधून उठतात. सगळ्यात सोयीचा पीव्हीसीचा अखंड रोल. तो साधारण दोन मीटर रुंद येतो, म्हणजे साडेसहा फूट. सहा फुटी ट्रेलरमध्ये तो एका तुकड्यात बसतो आणि दोन्ही भिंतींवर तीन-तीन इंच वर वळवता येतो. जमिनीला एकही सांधा नाही आणि सांडलेलं पाणी भिंतीच्या बुडाशी जाऊ शकत नाही, ही गोष्ट महागातल्या महाग लाकडालाही जमणारी नाही.

या रोलला आपल्याकडे सर्रास लिनोलियम म्हणतात. मूळ लिनोलियम फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाने 1860 च्या दशकात शोधलं, आणि ते होतं जवसाच्या तेलाचं. हवा लावून घट्ट केलेलं तेल, बुचाची पूड आणि भुसा तागाच्या कापडावर दाबून ते बनवत. मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला जवस पिकत आलं आहे, आणि त्याची चटणी घरोघरी होते. त्याच्या तेलाने शंभर वर्षं जगभरच्या दवाखान्यांच्या आणि शाळांच्या जमिनी झाकल्या, हे इथल्या वाचकाला ठाऊक असावं असं वाटतं. जवसाचं कच्चं तेल लाकडाला पाजण्याची पद्धतही चांगली आहे. ट्रेलरच्या आतल्या लाकडी पायरीला किंवा फळीला ते लावावं. मात्र तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत; वाळताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवावेत किंवा उघड्यावर पसरून वाळवावेत.

बांबूचा उल्लेख लातूर जिल्ह्यात टाळता येणार नाही. औसा तालुक्यातल्या लोदग्याहून शेतकरी नेते पाशा पटेल यांनी बांबू लागवडीचा प्रचार राज्यभर नेला. 2023 मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनात त्रिपुराच्या बांबूची जमीन आहे. फिरत्या घरासाठी बांबूचे दोन प्रकार वेगळे समजून घ्यावेत. धागे दाबून केलेल्या बांबूच्या पट्ट्या सुंदर दिसतात, झिजत नाहीत, पण सागवानाहून कितीतरी जड असतात. बांबूच्या चटयांचे थर रेझिनने दाबून केलेला बोर्ड मात्र प्लायच्या जागी वापरता येतो; त्याला आयएस 13958 हे मानक आहे. हा बोर्ड तालुक्याच्या बाजारात सहज मिळायला लागेल तेव्हा प्लायचा विचार पुन्हा करावा लागेल, आणि तो दिवस लवकर यावा अशी मनापासून इच्छा आहे.

उन्हाचं काय? मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार जातो आणि डांबरी रस्त्याची धग खालून बुडाला लागते. प्लायच्या खाली, चॅनेलच्या गाळ्यांत 25 मिलिमीटरची एक्सपीएस शीट बसवली तर फरक पायाला जाणवतो. साधं थर्माकोल उघडं ठेवू नये. शेतात उभ्या असलेल्या गाडीत उंदीर आणि घुशी शिरतात, थर्माकोल कुरतडून त्यात घर करतात आणि मग वासाने घर सोडायची पाळी येते. शीटच्या खाली पातळ पत्रा हवाच. त्या पत्र्याला प्रत्येक गाळ्याच्या खालच्या टोकाला पाणी निघायला भोक ठेवावं आणि भोकाला बारीक जाळी लावावी.

आता जिवाशी गाठ असलेली एक गोष्ट. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, जमिनीवर पसरतो आणि खोलगट जागी साचतो. जमीन हवाबंद करण्याच्या नादात घर बांधणारा नकळत एक हौद तयार करतो. म्हणून सिलिंडरचं कपाट आतल्या खोलीपासून बंद असावं आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारी, जाळी लावलेली, कधीही न झाकली जाणारी खिडकी असावी. शेगडीजवळही जमिनीच्या पातळीला असं एक भोक हवं. त्यातून धूळ येईल, थंडीत वारा येईल. येऊ द्यावा.

कायद्याचं बोलणं पुढच्या प्रकरणात सविस्तर आहे. इथे दोनच गोष्टी. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे ट्रेलर हेही वाहन आहे आणि नोंदलेल्या वाहनाच्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. कलम 52 त्याबद्दलच आहे. लोखंड कापण्याआधी आरटीओ कार्यालयात जाऊन विचारणं हे काम संपल्यावर तिथे जाण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. दुसरं, गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, मग जमीन कितीही भक्कम असो.

आणि उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला एक सोय फुकटासारखी मिळते, ती वजनकाट्याची. नुसती चासी तयार झाली की ट्रेलर काट्यावर न्यावा. जमीन बसली की पुन्हा न्यावा. भिंती, छत, पाणी आणि सामान भरून तिसऱ्यांदा न्यावा. तिन्ही पावत्या जपून ठेवाव्यात आणि एक्सलवर व टायरवर लिहिलेल्या क्षमतेशी ताडून पाहाव्यात. दुसऱ्या पावतीतून पहिली वजा केली की जमिनीचं खरं वजन हाती येतं, आणि या पुस्तकातल्या आकड्यांशी ते कुठे जुळतं, कुठे नाही, हे वाचकाला स्वतःच तपासता येतं. मागच्या बाजूला काही पानं त्यासाठी कोरी सोडली आहेत.